कीस्टोन एक्सएल: एका सहीसाठी तेरा वर्षं चाललेलं भांडण

सप्टेंबर २००८ मध्ये ट्रान्सकॅनडा या कॅनडातल्या कंपनीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे एक अर्ज केला. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या हार्डिस्टी या गावापासून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या स्टील सिटीपर्यंत तेलाची पाइपलाइन टाकायची होती, शिवाय दक्षिणेला टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंतचा एक भागही. सीमा ओलांडणाऱ्या मुख्य भागाची लांबी सुमारे १,९०० किलोमीटर, व्यास ३६ इंच, क्षमता दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल. नाव कीस्टोन एक्सएल.

जून २०२१ मध्ये त्याच कंपनीने (तोवर तिने टीसी एनर्जी असं नाव घेतलं होतं) प्रकल्प गुंडाळल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात ही पाइपलाइन दोनदा नाकारली गेली, दोनदा मंजूर झाली, कोर्टात अडकली, आणि शेवटी नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली त्याच दिवशी तिची परवानगी काढून घेतली. तीन राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दी त्यात खर्ची पडल्या.

ही गोष्ट सहसा ‘पर्यावरण विरुद्ध रोजगार’ अशी सांगितली जाते. ते खोटं नाही. पण मग असा प्रश्न पडतो की हीच पाइपलाइन का? अमेरिकेच्या जमिनीखाली तेल आणि वायूच्या लाखो किलोमीटर पाइपलाइनी आहेत. ट्रान्सकॅनडाच्याच पहिल्या कीस्टोन पाइपलाइनला मार्च २००८ मध्ये बुश सरकारने परवानगी दिली होती, आणि तेव्हा वर्तमानपत्रांनी फारशी दखलही घेतली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे ओबामा आल्यानंतर, एनब्रिज कंपनीच्या आल्बर्टा क्लिपर या पाइपलाइनला परवानगी मिळाली. तीही हार्डिस्टीहूनच निघणारी, तीही ३६ इंची, तेलही तेच. राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोर कोणी धरणं धरलं नाही.

मग कीस्टोन एक्सएलच्या वाट्याला हे का आलं? त्याचं उत्तर बरंचसं परवानगीच्या पद्धतीत आहे.

सही कोणाची?

अमेरिकेत नैसर्गिक वायूची पाइपलाइन दोन राज्यांतून जाणार असेल तर केंद्राचा एक आयोग मार्ग ठरवतो, परवाना देतो, आणि परवान्यासोबत सक्तीने जमीन घेण्याचा अधिकारही मिळतो. त्याला १९३८ पासूनचा कायदा आहे. तेलाच्या पाइपलाइनीला असा केंद्रीय कायदाच नाही. तेलाची लाइन कुठून जावी हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. (आपल्याकडे उलट आहे. १९६२च्या केंद्रीय कायद्याखाली शेतातून पाइपलाइन नेण्याचा हक्क घेतला जातो, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद चढते. रायगड-ठाण्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

म्हणजे टेक्सासहून इलिनॉयला तेल न्यायचं असेल तर वॉशिंग्टनमध्ये कोणाला ‘ही पाइपलाइन देशाला हवी का?’ असं विचारावं लागत नाही. नदी, पाणथळ जमीन, दुर्मीळ प्राणी यांच्यासाठीचे वेगवेगळे परवाने लागतात, पण मूळ प्रश्न विचारणारं कोणी नसतं. हा प्रश्न फक्त एकाच ठिकाणी विचारला जातो: पाइप जिथे आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतो तिथे. कीस्टोन एक्सएलसाठी ती जागा होती माँटाना राज्याच्या उत्तर टोकाला, मॉर्गन या सीमानाक्याजवळ. आजूबाजूला गवताळ माळरान आणि मैलोन्मैल शुकशुकाट.

बरं, सीमेवरच्या या परवानगीचाही संसदेने केलेला कायदा नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६८ मध्ये एक आदेश काढला, बुश यांनी २००४ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यानुसार २०१९ पर्यंत अर्ज परराष्ट्र खात्याकडे यायचा. खातं संरक्षण, ऊर्जा, वाहतूक, पर्यावरण वगैरे इतर खात्यांची मतं मागवायचं आणि प्रकल्प ‘राष्ट्रहिताचा’ आहे की नाही ते ठरवायचं. एखाद्या खात्याने हरकत घेतली तर प्रकरण राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर जायचं. राष्ट्रहित म्हणजे काय, याची व्याख्या कुठेही नाही. तेलाचा पुरवठा, शेजाऱ्याशी संबंध, हवामान, रोजगार, निवडणूक, सगळं त्यात बसतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. व्याख्या नसलेला निकष आणि निर्णय घेणारा एकच माणूस, असं जिथे असतं तिथे राजकारण आपोआप गोळा होतं. हवामानबदलावर व्यापक कायदा करण्याचा प्रयत्न २०१० मध्ये सिनेटमध्ये बारगळला. शंभर सिनेटरांचं मन वळवणं पर्यावरणवाद्यांना जमलं नव्हतं. कीस्टोनच्या बाबतीत एकाच माणसाचं मन वळवायचं होतं, तो माणूस त्यांच्याच मतांवर निवडून आलेला होता, आणि त्याला संसदेचं निमित्त पुढे करता येणार नव्हतं. पर्यावरण कार्यकर्ते बिल मॅकिबेन आणि त्यांच्या ३५०.ऑर्ग या संघटनेने नेमकं हे हेरलं. ऑगस्ट २०११ मध्ये व्हाइट हाउससमोर दोन आठवडे धरणं झालं आणि सुमारे साडेबाराशे लोकांनी स्वतःहून अटक करवून घेतली. आधी विशेष कोणाला माहीत नसलेली पाइपलाइन त्यानंतर रात्रीच्या बातम्यांत आली.

तेल कसलं, विरोध कोणाचा

आल्बर्टाचं तेल विहिरीतून उसळून येत नाही. ते वाळूत मिसळलेलं डांबरासारखं बिट्युमेन असतं. थंडीत काकवी जशी बरणीतून हलत नाही तसं ते पाइपातून हलत नाही, म्हणून त्यात हलका द्रव मिसळून ते पातळ करावं लागतं. वाळूपासून ते सोडवायला वाफ आणि गरम पाणी लागतं, म्हणजे आधी इंधन जाळा मग इंधन मिळवा. परराष्ट्र खात्याच्या २०१४च्या अहवालानुसार, जमिनीतून काढण्यापासून गाडीत जळेपर्यंतचा सगळा हिशोब धरला तर या तेलातून अमेरिकेतल्या सरासरी तेलापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त हरितगृह वायू बाहेर पडतात.

मग एवढं जड तेल हवं कोणाला? टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांना. व्हेनेझुएला आणि मेक्सिकोचं जड तेल पचवण्यासाठी त्यांनी अब्जावधी डॉलर घालून यंत्रणा उभारली होती, आणि त्या दोन्ही देशांचा पुरवठा आटत चालला होता. आल्बर्टाची अडचण उलटी होती. तेल भरपूर, पण चहूबाजूंनी जमीन आणि गिऱ्हाईक जवळपास एकच, अमेरिका. जायला वाट कमी म्हणून भाव पाडून विकायचं. २०१८च्या शेवटी हा फरक बॅरलमागे ४० डॉलरांच्याही वर गेला, आणि आल्बर्टा सरकारला कंपन्यांना उत्पादन कमी करायचा हुकूम द्यावा लागला.

विरोधाचा दुसरा झरा नेब्रास्कात होता आणि तो हवामानातून फुटलेला नव्हता. पाइपलाइनचा पहिला मार्ग सँडहिल्स नावाच्या प्रदेशातून जात होता: वाळूच्या टेकड्या, त्यावर गवताचं पातळ आवरण, आणि खाली हाताच्या अंतरावर पाणी. हे पाणी ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याचं, ज्यावर अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यातली बरीच शेती उभी आहे. त्यातच जुलै २०१० मध्ये मिशिगनमध्ये एनब्रिजची एक लाइन फुटली. नियंत्रण कक्षातल्या लोकांना फुटल्याचा पत्ता लागेपर्यंत १७ तास गेले, आणि मधल्या काळात त्यांनी दोनदा पंप पुन्हा चालूही केले होते. सुमारे २० हजार बॅरल तेल कॅलमाझू नदीत गेलं. पातळ करणारा द्रव उडून गेला आणि बिट्युमेन तळाशी बसलं. तेल पाण्यावर तरंगतं या गृहितकावर बेतलेली साफसफाई तिथे चाललीच नाही. खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

नेब्रास्कातले पशुपालक आणि मका पिकवणारे शेतकरी हे बहुतेक रिपब्लिकन मतदार. त्यांना ग्लेशियर वितळण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचा राग असा होता की परदेशी खाजगी कंपनी येते, भाव सांगते, आणि सही न केल्यास सक्तीच्या संपादनाची नोटीस येईल असं पत्र देते. मालमत्तेचा हक्क हा तिथल्या उजव्या राजकारणाचा गाभा. त्यामुळे तेल कंपनीच्या बाजूने असलेल्या पक्षाची आणि त्याच पक्षाच्या शेतकऱ्यांची इथे फारकत झाली. जेन क्लीब यांच्या बोल्ड नेब्रास्का या संघटनेने ही फट बरोबर ओळखली आणि सभांतून हवामानापेक्षा पाणी आणि जमीन यांवरच भर दिला. पुढे हे शेतकरी आणि मूळ रहिवासी जमाती एकत्र आल्या. एप्रिल २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर त्यांनी ‘काउबॉय इंडियन अलायन्स’ असं नाव लावून तंबू ठोकले, काही जण घोड्यांवर बसून आले. पाइपलाइनच्या मार्गावरच्या एका शेतात पोंका जमातीच्या लोकांनी त्यांच्या पूर्वजांचा मका पेरला, वर्षानुवर्षं. १८७७ मध्ये सैन्याने याच भागातून पोंकांना हाकलून दिलं होतं, आणि आता ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ती जमीन मिळाली त्यांचेच वंशज त्यांना पेरणीला बोलावत होते. २०१८ मध्ये तर शेतकऱ्याने त्या जमिनीचा तुकडा रीतसर जमातीच्या नावावर करून दिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत अनपेक्षित घटना. वॉशिंग्टनमधल्या एकाही राजकीय सल्लागाराला ती सुचली नसती.

भिजत घोंगडं

ओबामांची पंचाईत समजून घेण्यासारखी आहे. त्यांच्या पक्षाचे दोन पाय दोन दगडांवर होते. बांधकाम मजुरांच्या संघटनांना पाइपलाइन हवी होती, पर्यावरणवादी देणगीदार आणि तरुण कार्यकर्त्यांना नको होती. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना ऑक्टोबर २०१० मध्ये म्हणाल्या होत्या की आमचा कल परवानगी देण्याकडे आहे. वर्षभराने, निवडणूक तोंडावर आल्यावर, नोव्हेंबर २०११ मध्ये खात्याने सांगितलं की सँडहिल्सला वळसा घालणारा मार्ग अभ्यासायला हवा, त्याला २०१३ उजाडेल. निवडणूक होती नोव्हेंबर २०१२ मध्ये. वळशाची मागणी रास्तच होती, पण मुहूर्त फारच सोयीचा होता.

रिपब्लिकनांनी हे जाणून डिसेंबर २०११ मध्ये पगारातून कापल्या जाणाऱ्या करातल्या सवलतीच्या विधेयकाला एक शेपूट जोडलं: ६० दिवसांत कीस्टोनचा निर्णय द्या. विधेयक अडवणं ओबामांना परवडणारं नव्हतं, कारण त्याने कोट्यवधी कामगारांच्या हातातला पगार कमी झाला असता. त्यांनी सही केली आणि जानेवारी २०१२ मध्ये ‘एवढ्या वेळात अभ्यास होत नाही’ म्हणून अर्ज नाकारला. म्हणजे घाई करायला लावणाऱ्यांनीच नकार ओढवून घेतला. कंपनीने मे महिन्यात पुन्हा अर्ज केला.

त्याच सुमारास कंपनीने एक साधी चलाखी केली. प्रकल्पाचा दक्षिणेकडचा भाग, ओक्लाहोमातल्या कुशिंगपासून टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंतचा, तिने वेगळा काढला. तो सीमा ओलांडत नव्हता, म्हणून त्याला राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागत नव्हती. खुद्द ओबामा मार्च २०१२ मध्ये कुशिंगला गेले, पाइपांच्या राशीसमोर उभे राहिले आणि या भागाचं काम लवकर व्हावं असं बोलले. जानेवारी २०१४ मध्ये त्यातून तेल वाहू लागलं. टेक्सासमधले शेतकरीही कोर्टात गेले, झाडांवर चढून बसलेल्या आंदोलकांना पोलिसांनी उतरवलं, पण उत्तरेसारखा वणवा तिथे पेटला नाही. सीमेची अट नव्हती, म्हणजे बोट दाखवायला व्हाइट हाउसही नव्हतं.

एनब्रिजने याहून वरचढ डोकं लढवलं. आल्बर्टा क्लिपरमधून जास्त तेल नेण्यासाठी तिला नवी परवानगी हवी होती आणि ती रखडली होती. शेजारून तिचीच जुनी तीन नंबरची लाइन जात होती, तिच्या परवान्यात क्षमतेची तशी अडचण नव्हती. २०१४ मध्ये कंपनीने सीमेच्या अलीकडे तेल एका लाइनमधून दुसरीत वळवलं, सीमा पार केली आणि पलीकडे पुन्हा पहिल्या लाइनमध्ये आणलं. परराष्ट्र खात्याने याला हरकत घेतली नाही. जमाती आणि पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या आणि हरल्या.

आकड्यांची ओढाताण

जानेवारी २०१४ मध्ये परराष्ट्र खात्याचा अंतिम पर्यावरण अहवाल आला. तो हजारो पानांचा होता आणि दोन्ही बाजूंनी त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचललं.

रोजगाराचं घ्या. अहवालात ४२,१०० हा आकडा होता. समर्थकांनी तो सभेसभेत वापरला. पण हा आकडा बांधकामाच्या सुमारे दोन वर्षांपुरता होता आणि त्यात प्रत्यक्ष खोदाई करणाऱ्यापासून त्याला जेवण वाढणाऱ्या हॉटेलवाल्यापर्यंत सगळे मोजले होते. पाइपलाइन सुरू झाल्यावर कायम लागणारी माणसं होती ५०च्या आसपास. विरोधकांनी हा आकडा उचलला. तोही अर्धवटच, कारण पाइपलाइन टाकणाऱ्या वेल्डरचं आयुष्यच एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्यात जातं. त्याच्या दृष्टीने कुठलंच काम कायमचं नसतं.

हवामानाचं गणित जास्त गुंतागुंतीचं. जून २०१३ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातल्या भाषणात ओबामांनी स्वतःच कसोटी लावून घेतली होती: या प्रकल्पाने कार्बन प्रदूषणात लक्षणीय भर पडत नसेल तरच तो राष्ट्रहिताचा. अहवाल म्हणाला, पाइपलाइन झाली काय न झाली काय, आल्बर्टातून तेल काढण्याचा वेग फारसा बदलणार नाही, कारण ते रेल्वेने जाईल. (रेल्वेचा धोका वेगळाच. जुलै २०१३ मध्ये क्वेबेकमधल्या लाक-मेगांतिक गावात तेलाची मालगाडी घसरून पेटली आणि ४७ माणसं गेली.) मात्र अहवालातच एक तळटीपवजा अट होती. तेलाचा भाव बॅरलला ६५ ते ७५ डॉलरच्या दरम्यान आला तर रेल्वेचा वाढीव खर्च उत्पादकांना जड जाईल, आणि मग पाइपलाइन असण्या-नसण्याने फरक पडेल. अहवाल लिहिला तेव्हा भाव शंभराच्या आसपास होता. वर्षभरात तो निम्म्यावर आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने परराष्ट्र खात्याला पत्र लिहून याच अटीकडे बोट दाखवलं.

तरीही मला वाटतं दोन्ही बाजूंनी या एका पाइपलाइनवर फार जास्त ओझं टाकलं होतं. तिने ना अमेरिकेची बेकारी हटली असती, ना ती अडवल्याने पृथ्वी वाचली. कॅनडातून अमेरिकेत येणारं कच्चं तेल २००८ मध्ये दिवसाला सुमारे २० लाख बॅरल होतं, ते २०२४ मध्ये ४० लाखांवर गेलं, कीस्टोन एक्सएल नसताना. इतर लाइनी रुंदावल्या, पंप वाढले, रेल्वे धावली. नोव्हेंबर २०१५ मध्ये नकार जाहीर करताना खुद्द ओबामांनीही याच अर्थाचं म्हटलं होतं की या प्रकल्पाला चर्चेत अवास्तव महत्त्व मिळालं. पण पॅरिसची हवामान परिषद तीन-चार आठवड्यांवर होती, आणि परवानगी देऊन तिथे गेलो तर आपला शब्द हलका पडेल, हे त्यांचं मुख्य कारण होतं.

त्याआधी संसदेने आपला हात आजमावून पाहिला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये लुइझियानाच्या डेमोक्रॅट सिनेटर मेरी लँड्र्यू यांची जागा धोक्यात होती. तेल उद्योगावर जगणाऱ्या आपल्या राज्याला काहीतरी दाखवता यावं म्हणून त्यांनी पाइपलाइन मंजुरीचं विधेयक मतदानाला आणलं. ६० मतं हवी होती, पडली ५९. पुढच्या महिन्यात त्या फेरनिवडणुकीत हरल्या. जानेवारीत सिनेट रिपब्लिकनांच्या हाती आली आणि त्यांचं पहिलंच विधेयक होतं कीस्टोन. ते ६२ विरुद्ध ३६ने मंजूर झालं. ओबामांनी २४ फेब्रुवारी २०१५ रोजी, हातात आलं त्याच दिवशी, नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोनतृतीयांश मतं लागतात, ती जमली नाहीत.

इकडे नेब्रास्कात आणखी एक विचित्र निकाल लागला होता. मार्ग मंजूर करण्याचा अधिकार राज्याच्या आयोगाला डावलून गव्हर्नरला देणारा कायदा केला गेला होता. त्याविरुद्ध शेतकरी कोर्टात गेले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. सातपैकी चार न्यायाधीशांच्या मते कायदा घटनाबाह्य होता. पण नेब्रास्काच्या घटनेप्रमाणे कायदा रद्द करायला सातपैकी पाच लागतात. बहुमत विरोधात असूनही कायदा टिकला.

एका सहीने दिलं, दुसऱ्या सहीने नेलं

ट्रम्प यांनी पदावर येताच चौथ्या दिवशी फाइल पुन्हा उघडली आणि मार्च २०१७ मध्ये परवानगी दिली. त्यांचा आणखी एक आग्रह होता की पाइपलाइनी अमेरिकन पोलादाच्याच हव्यात. थोड्या आठवड्यांत व्हाइट हाउसने सांगितलं की कीस्टोनला ही अट लागू नाही. कारण पाइप कधीच घेऊन झाले होते. निम्मे पाइप आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या कारखान्यात बनले होते, बाकीचे कॅनडा, इटली आणि भारतात. लिटल रॉकचा कारखाना आणि भारतातला पुरवठादार, दोन्ही एकाच घरचे: मुंबईत मुख्यालय असलेल्या वेलस्पनचे. अमेरिकन रोजगाराची ग्वाही म्हणून ज्या पाइपांकडे बोट दाखवलं जात होतं ते बनवणारी कंपनी लोअर परळची होती, ही गंमत आपल्याकडच्या बातम्यांत फारशी आली नाही.

नेब्रास्काच्या आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी मार्गाला हिरवा कंदील दाखवला, पण कंपनीने मागितलेल्या मार्गाऐवजी पर्यायी मार्गाला. त्याच्या चारच दिवस आधी साउथ डकोटात जुनी कीस्टोन लाइन फुटली होती. तेव्हाचा अंदाज ५,००० बॅरलचा. आयोगाने ती गळती विचारात घेतली नाही, कारण राज्याच्या कायद्याने त्याला तशी मनाई होती. पाइपलाइनची सुरक्षितता हा केंद्राचा विषय. म्हणजे शेतकऱ्याला ज्याची सर्वांत जास्त भीती, नेमका तोच मुद्दा ऐकून घेणं मार्ग ठरवणाऱ्यांना वर्ज्य होतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये माँटानातले केंद्रीय न्यायाधीश ब्रायन मॉरिस यांनी परवानगीमागचा निर्णय रद्द केला आणि काम थांबवलं. ओबामांच्या काळात परराष्ट्र खात्याने हवामानाचं कारण देऊन नकार दिला, त्याच खात्याने तीच माहिती समोर असताना दोन वर्षांत होकार दिला, आणि मत का बदललं याचं धड कारणही दिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. धोरण बदलायला सरकार मोकळं आहे, पण कारणं द्यावी लागतात.

इथून पुढचा डाव या प्रकरणाची किल्ली आहे. कारणं द्यायची, पर्यावरणाचा अभ्यास करायचा, हे कायदे सरकारी खात्यांना लागू होतात. स्वतः राष्ट्राध्यक्षांना ते लागू होत नाहीत. म्हणून मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनी जुनी परवानगी मागे घेतली आणि परराष्ट्र खात्याला बाजूला ठेवून स्वतःच्या अखत्यारीत नवी दिली. मॉरिस यांच्या आदेशाखालचा आधारच गेला. वकिलीच्या दृष्टीने ही खेळी उत्तम होती. फक्त त्या परवान्यात एक वाक्य होतं: राष्ट्राध्यक्ष त्यांच्या एकट्याच्या मर्जीने तो केव्हाही रद्द करू शकतात, बदलू शकतात.

मे २०२० मध्ये बायडेन यांच्या प्रचारयंत्रणेने सांगून टाकलं की आम्ही आलो तर रद्द करू. तोपर्यंत आल्बर्टाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जेसन केनी यांनी जनतेचा पैसा डावावर लावला होता: ३१ मार्च २०२० रोजी दीड अब्ज कॅनेडियन डॉलरची गुंतवणूक, शिवाय सहा अब्जांच्या कर्जाला हमी. तीन आठवड्यांनी अमेरिकेत तेलाचा वायदेभाव शून्याखाली गेला. त्याच वर्षी मॉरिस यांनी नद्या ओलांडण्यासाठीचा सरसकट परवाना रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो देशातल्या इतर सगळ्या पाइपलाइनींसाठी पूर्ववत केला, एकट्या कीस्टोन एक्सएलला वगळून. अमेरिकेच्या बाजूला सीमेवरचा दोनेक किलोमीटरचा तुकडा तेवढा टाकून झाला होता.

२० जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी परवाना रद्द केला आणि आदेशात ट्रम्प यांच्या परवान्यातल्या त्याच वाक्याचा आधार घेतला. कोर्टापासून वाचायला म्हणून जी परवानगी एका माणसाच्या मर्जीवर उभी केली होती, ती दुसऱ्याच्या मर्जीने पडली. सुनावणी नाही, अहवाल नाही. पाइपलाइनला पाठिंबा देणाऱ्या कॅनडाच्या पंतप्रधान ट्रूडो यांनी निराशा व्यक्त केली आणि विषय सोडून दिला.

कंपनीने पहिल्या तिमाहीतच या प्रकल्पापोटी २.२ अब्ज कॅनेडियन डॉलरचा तोटा दाखवला. आल्बर्टाच्या करदात्यांचे सुमारे १.३ अब्ज बुडाले. मग कंपनीने अमेरिकेकडे उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली (नाफ्टा) १५ अब्ज डॉलरची भरपाई मागितली. जुलै २०२४ मध्ये लवादाने तो दावा ऐकायलाच नकार दिला. नाफ्टा १ जुलै २०२० रोजी संपला होता आणि परवाना रद्द झाला जानेवारी २०२१ मध्ये. करार संपल्यानंतरच्या घटनेवर त्या कराराखाली दाद मागता येत नाही, असं लवादाच्या बहुमताचं म्हणणं. अशीच मागणी कंपनीने ओबामांच्या नकारानंतर २०१६ मध्येही केली होती, तेव्हा करार जिवंत होता, पण ट्रम्प यांची परवानगी मिळाल्यावर तिने ती सोडून दिली.

दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्सासमध्ये जुनी कीस्टोन लाइन पुन्हा फुटली आणि सुमारे १३ हजार बॅरल तेल एका ओढ्यात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टीसी एनर्जीने आपला तेलाचा सगळा व्यवसाय साउथ बो नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर जाहीर आवाहन केलं की कीस्टोन एक्सएल पुन्हा बांधायला घ्या, परवानग्या झटपट देऊ. साउथ बोने कळवलं की आम्ही त्या प्रकल्पातून केव्हाच बाहेर पडलो आहोत.